पाप, गुन्हा आणि चर्च

कोयनेची वसाहत असलेलं चिपळूणजवळचं अलोरे असो की मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांची वसई, 'समलैंगिकता म्हणजे पाश्चात्त्य फॅड' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. इतिहास उलटं सांगतो. बाहेरून आला तो कायदा.

इंग्लंडमध्ये या संबंधांचा निवाडा आधी चर्चची न्यायालयं करत. १५३३ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात ते पाप राजसत्तेच्या लेखी गुन्हा ठरलं, आणि शिक्षा होती मृत्युदंड. पुढे मेकॉलेच्या मसुद्यातून घडलेली भारतीय दंडसंहिता १८६२ पासून लागू झाली. त्यातलं कलम ३७७ दीडशे वर्षं टिकलं.

२००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध त्यातून वगळले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांमध्ये इतर धर्मीयांबरोबर उत्कल ख्रिश्चन कौन्सिलही होती. २०१३ मध्ये कलम परत आलं. तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी मात्र समलैंगिक माणसं गुन्हेगार नाहीत, अशी भूमिका घेतली. विवाहाला त्यांचा विरोध कायम होता.

६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्हा संपला. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायची मुभा धर्मगुरूंना दिली, पण तो विवाहविधी नव्हे.

म्हणून चर्चमध्ये वाढलेल्या तरुणांचा प्रश्न आता कोर्टाला नाही, चर्चलाच आहे: गुन्हेगार नाही म्हणता, मग घरचं माणूस म्हणाल का?