तक्षशिला : डोंगरपायथ्याची विद्यानगरी

तक्षशिला (पालीत तक्कसिला) हे प्राचीन गांधारचे प्रमुख नगर. त्याचे अवशेष आज पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात, इस्लामाबादपासून सुमारे ३५ किमी अंतरावर, मरगल्ला टेकड्यांच्या परिसरात आहेत. मगध, काश्मीर आणि मध्य आशियाकडे जाणारे व्यापारी मार्ग येथे एकत्र येत.

इतिहास : इ.स.पू. ३२६ मध्ये राजा आंभीने हे नगर अलेक्झांडरच्या स्वाधीन केले. पुढे मौर्य, ग्रीक, शक, पहलव आणि कुषाण यांची सत्ता आली. भीर, सिरकप आणि सिरसुख या तीन वसाहती वेगवेगळ्या काळात वसल्या. धर्मराजिका स्तूपाची उभारणी सम्राट अशोकाच्या काळातील मानली जाते. जौलियां आणि मोहरा मोराडू येथील विहार डोंगराळ भागात आहेत. सातव्या शतकात ह्युएन त्संग आला तेव्हा बरेच विहार ओस पडले होते. जॉन मार्शल यांनी १९१३ ते १९३४ या काळात येथे उत्खनन केले. १९८० मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

शिक्षण : येथे नालंदेसारखे एकच महाविहार नव्हते. विद्यार्थी आचार्यांच्या घरी राहून शिकत. जातककथांत शुल्क एक हजार नाणी सांगितले आहे. ते देऊ न शकणारा दिवसा सेवा करी आणि रात्री पाठ घेई. विनयपिटकातील महावग्गानुसार राजगृहाचा जीवक येथे सात वर्षे वैद्यक शिकला. जन्मताच उकिरड्यावर टाकलेले हे मूल पुढे तथागतांचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य झाले.

पण दार सर्वांना उघडे नव्हते. चित्त-संभूत जातकात दोन चांडाळ भाऊ जात लपवून तक्षशिलेत शिकायला येतात. एका भोजनाच्या वेळी गरम घासाने एकाचे तोंड पोळते आणि नकळत घरची बोली बाहेर पडते. जात कळताच सहाध्यायी दोघांना मारून हाकलून देतात. ही कथा बौद्ध साहित्यानेच जपली, हे महत्त्वाचे.

म्हणून तक्षशिलेचा अभिमान बाळगताना जीवकाबरोबर या दोन भावांनाही आठवले पाहिजे. विद्यापीठाची थोरवी मोजताना तिथे कोण शिकले हे पाहतो, तसेच कोणाला हाकलले हेही विचारले पाहिजे. आपली बोली आणि आडनाव न लपवता वर्गात बसता येणे ही आजच्या प्रत्येक विद्यापीठाचीही कसोटी आहे.