'महारठिनो'च्या पलीकडचा नाणेघाट

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्यासंबंधीच्या चर्चेत नाणेघाटातील लेखाचा उल्लेख वारंवार झाला, तो मुख्यतः 'महारठिनो' या एका शब्दासाठी. शब्द तेथे आहे, हे खरेच. परंतु लेखाची भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, आणि 'महारठी' ही राणीच्या पित्याची पदवी. आम्हा भाषेच्या अध्यापकांना खटकते ते हे की, एवढा मोठा लेख आपण दाखल्यासारखा वापरतो आणि वाचायचा मात्र राहून जातो.

कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या व्यापारी वाटेवर, खिंडीच्या माथ्याशी हे लेणे आहे. आत चैत्य नाही, स्तूप नाही. डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. त्याचा काळ सामान्यतः इ. स. पूर्व पहिले शतक मानतात. प्रारंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे राणीची ओळख येते: महारठीची कन्या, कुमारांची माता, महिनाभर उपवास करणारी, घरातच तापसीचे जीवन जगणारी. त्यानंतर मात्र सारा मजकूर हिशेबाचा. अग्न्याधेयाची दक्षिणा १२ गाई व १ घोडा. आणखी एका यज्ञाची १७०० गाई व १० हत्ती. शिवाय अश्वमेध, राजसूय, गावे, वस्त्रे आणि एके ठिकाणी २४४०० कार्षापण.

हा हिशेब रुक्ष वाटतो खरा, परंतु लेखाचे मोल आमच्या मते येथेच सर्वाधिक आहे. भारतीय अंकांच्या प्राचीन नमुन्यांत या लेखाचे स्थान फार वरचे. येथे शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. १०० ला स्वतंत्र चिन्ह. त्याला ४ चे चिन्ह जोडले की ४००. १००० च्या चिन्हाला ४ जोडले की ४०००, २० जोडले की २००००. म्हणजे २४४०० लिहिताना कोरक्याने २००००, ४००० आणि ४०० अशी तीन जोडचिन्हे शेजारी शेजारी ठेवली. आज आपण पाच अंक लिहितो. त्याला तीनच पुरले!

अक्षरांनाही शिरोरेषा नाही. 'क' म्हणजे साधी फुली, 'ठ' म्हणजे नुसते वर्तुळ. ज्या 'महारठिनो'चा आपण अभिमान बाळगतो, त्यातला 'ठ' असा निखळ गोल आहे. देवनागरीतील मुद्रित पाठावरून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे कधी दिसतच नाही. वर्गात निदान ठशाचे छायाचित्र तरी दाखवावे.

ब्यूलर यांनी १८८३ साली हा पाठ प्रसिद्ध केला, त्याआधी भगवानलाल इंद्रजी यांनी त्यावर काम केले होते. पाठात जागोजागी गाळलेल्या जागा आहेत. कातळ झिजला, ओळी तुटल्या. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुश्री, कुमार सातवाहन, अशी नावे मूर्तींच्या वरच्या बाजूस कोरलेली आहेत. मुख्य लेखातील राणी कोण, हे ठरवताना अभ्यासकांना या छोट्या नामलेखांचाच आधार मिळाला. मूर्ती मात्र उरलेल्या नाहीत. नावांखाली भिंत मोकळी आहे, आणि अगदी तळाशी काही ठिकाणी तेवढे पावलांचे अवशेष दिसतात.