खरूज, लूत आणि विद्वानांची दृष्टि

आमच्या घरीं एक कुत्रा आहे. जात गांवठी, रंग तांबूस, नांव मोती. गेल्या वर्षीं पावसाळा संपतां संपतां त्यास एक वाईट खोड लागली, असें आम्हां सर्वांस वाटलें. शेपटीच्या मुळाशीं तोंड नेऊन तो आपलीच कातडी दांतांनीं कुरतडूं लागला. रात्रीं अपरात्रीं त्याच्या दांतांचा आवाज ऐकूं येई. सकाळीं पहावें तों केंस गेलेले, कातडी लाल झालेली, आणि कोठें कोठें रक्तहि आलेलें. घरांतील वडील मंडळींनीं अंगांत उष्णता वाढल्याचें निदान केलें. म्हणून ताक सुरू झालें. शेजाऱ्यांनीं करंजाचें तेल सुचविलें. तेंहि चोळून झालें. आणि लिहावयास लाज वाटते, परंतु लिहिलें पाहिजे, कीं खोड मोडावी म्हणून आम्हीं त्यास दोन वेळां काठीनें मारलें.

दुसऱ्या वेळीं आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या मावशी अंगणांतच होत्या. “मारताय कशापायी? पिसवा झाल्यात त्याला,” असें म्हणून त्या खालीं बसल्या, पाठीवरचे केंस दोन्हीं हातांनीं बाजूस सारले, आणि एक पिसू चिमटींत धरून आम्हांस दाखविली. दुसऱ्या दिवशीं पशुवैद्यांनीं तेंच निराळ्या रीतीनें सिद्ध केलें. केंसांतील काळे कण त्यांनीं ओल्या कापसावर घेतले. क्षणभरांत त्यांच्याभोंवतीं तांबूस डाग पसरले. ते कण म्हणजे पिसवांची विष्ठा, अर्थात् मोतीचेंच पचलेलें रक्त होतें. आमच्या घरांत पुस्तकें पुष्कळ आहेत, चष्मे चार आहेत. परंतु वांकून पाहिलें तें मावशींनीं.

महाभारताच्या आदिपर्वांत सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या सत्रांत आलेल्या तिच्या पिलास राजाच्या भावांनीं मारलें. त्यानें हवि चाटला नव्हता, त्याकडे पाहिलेंहि नव्हतें. सरमेनें येऊन विचारलें कीं माझ्या पोरानें अपराध कोणता केला? कोणीं उत्तर दिलें नाहीं. तेव्हां, निरपराध्यास मारलेंत म्हणून न दिसणारें भय तुमच्यावर येईल, असें ती बोलली. ही कथा आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल! मोतीच्या प्रसंगानंतर मात्र ती वाचतांना पहिल्यासारखी वाटेना. आणि खाजेचें कारण मनुष्यास केव्हां व कसें कळलें याचा शोध घ्यावा, अशी इच्छा झाली. तो इतिहास पाहूं गेलों तों आढळलें कीं आमच्या अंगणांत घडलें तेंच युरोपांत दोन वेळां मोठ्या प्रमाणावर घडून गेलें आहे.

खरूज हा मनुष्याचा फार जुना रोग. कुत्र्यास तिच्याच जातीचा रोग होतो, त्यास आपण लूत म्हणतों. ग्रीक वैद्य गेलन याच्या परंपरेंत वाढलेल्या पाश्चात्य वैद्यांची समजूत अशी होती कीं शरीरांतील रस बिघडले म्हणजे ते कातडीवाटे बाहेर पडूं पहातात आणि खाज सुटते. औषध अर्थात् पोटांत: रेच द्यावे, रक्त काढावें, पथ्य पाळावें. बाराव्या शतकांत सेव्हिल येथील अरबी वैद्य इब्न झुह्र यानें कातडीखालीं रहाणाऱ्या एका अतिसूक्ष्म जंतूचा उल्लेख केला होता. परंतु खरजेचें तेंच कारण, असा सिद्धांत त्यांतून कोणीं काढला नाहीं.

तो सिद्धांत इ. स. १६८७ मध्यें निघाला. इटलींतील टस्कनी प्रांतांत लिव्होर्नो नांवाचें बंदर आहे. तेथें जोव्हान्नी कोसिमो बोनोमो हा वैद्य आणि दियाचिंतो चेस्तोनी हा औषधविक्या या दोघांनीं एक गोष्ट पाहिली. गरीब बायका आपल्या खरजेनें पिडलेल्या मुलांच्या हातांतून टांचणीच्या टोंकानें कांहींतरी काढीत, आणि बंदरांतील कैदी गुलाम एकमेकांवर तोच प्रयोग करीत. बोनोमोनें त्यांपैकीं एक कण मागून घेतला, नखावर ठेविला आणि सूक्ष्मदर्शकाखालीं धरला. तो कण चालत होता! कासवासारख्या पाठीचा तो एक जीव होता; पुढें त्यास अंडें घालतांनाहि त्यांनीं पाहिलें. सडक्या मांसांत किडे आपोआप उत्पन्न होत नाहींत हें प्रयोगानें दाखविणारे फ्रान्चेस्को रेदी यांस बोनोमोनें पत्र लिहून कळविलें कीं खाज ही रसांच्या विकारानें होत नसून या जीवाच्या खोदकामानें होते. ती एकाकडून दुसऱ्यास लागते ती याच मार्गानें. म्हणून पोटांतील औषधें व्यर्थ, वरून गंधकादि लेप लावावेत हेंच खरें. एका रोगाचें नेमकें कारण सूक्ष्मदर्शकानें हातीं लागल्याचें हें अगदीं आरंभींचें उदाहरण होय.

यावर विद्वानांनीं काय केलें? रोम येथें पोपचे वैद्य लान्चिसी होते. त्यांनीं जीव नाकारला नाहीं. परंतु खरजेचें तेवढेंच कारण, हें त्यांस मान्य होईना. रसविकार हवाच, असें त्यांचें म्हणणें. त्यांच्या शब्दापुढें लिव्होर्नोच्या तरुण वैद्याचें वजन तें किती! १७०३ मध्यें रिचर्ड मीड यानें त्या पत्राचा सारांश इंग्रजींत प्रसिद्ध केला, तरीहि वैद्यकाची गाडी जुन्याच चाकोरींतून चालत राहिली.

पुढचा अंक पॅरिसमधला. तेथील सेंट लुई रुग्णालयांत कातडीच्या रोग्यांची गर्दी असे. १८१२ मध्यें गालेस नांवाच्या गृहस्थानें खरजेचा जीव सांपडल्याचें जाहीर करून त्याचें चित्रहि छापलें. परंतु इतरांनीं कितीहि शोधलें तरी तो जीव कोणास दिसेना. शेवटीं रास्पाय यानें दाखवून दिलें कीं गालेसच्या चित्रांतला जीव खरजेचा नसून चीजमध्यें होणारा किडा आहे. झालें! एक लबाडी उघडी पडतांच, खरजेचा जीव म्हणून कांहीं नाहींच, असें बहुतेक मोठे वैद्य म्हणूं लागले, आणि तो दाखविणारास बक्षीस देण्याची घोषणाहि झाली. १८३४ च्या ऑगस्टमध्यें कॉर्सिका बेटांतून शिकावयास आलेल्या रेन्युची नांवाच्या विद्यार्थ्यानें सर्वांच्या देखत सुईच्या टोंकावर तो जीव काढून दाखविला. ही विद्या तो कोठें शिकला? आपल्या गांवच्या गरीब बायकांजवळ! वैद्य तो जीव पाण्याच्या वा पुवाच्या फोडांत शोधीत होते, आणि तो फोडांत नसतोच. मादी कातडींत एक नागमोडी बोगदा खोदते व त्याच्या आंधळ्या टोंकाशीं बसते. त्या बायकांस हें पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें. आपल्याकडे म्हण आहे, काखेंत कळसा आणि गांवाला वळसा. येथें तो वळसा दीडशें वर्षांचा झाला.

हें दूरदेशींचें म्हणून हसण्याजोगें आहे, असें कोणीं समजूं नये. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला. त्या काळांत हिंदुस्थानांत आलेला फ्रेंच डॉक्टर पॉल लुई सिमोंड यानें कांहीं रोग्यांच्या अंगावर बारीक फोड पाहिले, ते पिसूच्या दंशाचे असावेत असा तर्क केला, आणि १८९८ मध्यें कराचीस प्रयोग करून उंदरांच्या पिसवा प्लेग पसरवितात असें दाखविलें. त्याच्यावरहि कित्येक वर्षें फारसा कोणीं विश्वास ठेविला नाहीं. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेंत प्लेग कमिशननें केलेल्या प्रयोगांनीं तें निर्विवाद ठरलें. मधल्या वर्षांत किती माणसें गेलीं, हें आपल्या वाडवडिलांच्या आठवणींवरून ज्याचें त्यानें जाणावें.

आतां एक प्रश्न रहातो. जीव एवढासा, मग खाज एवढी कां? त्याचें उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडमधील शेफील्ड शहरीं मिळालें. तेथें १९४१ पासून केनेथ मेलन्बी यांनीं, शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीनें नकार देणाऱ्या तरुणांच्या संमतीनें, त्यांच्यावर खरजेचे प्रयोग केले. पहिल्यानेंच खरूज झालेल्या माणसास सुमारें महिनाभर खाज सुटतच नाहीं. परंतु बरा होऊन पुन्हा झाली तर एका दिवसाच्या आंतबाहेर तो खाजवूं लागतो, असें दिसून आलें. म्हणजे खाज ही त्या जीवाच्या चालण्याची नसून आपल्या शरीरानें त्यास ओळखून दिलेल्या प्रत्युत्तराची असते. मोतीचेंहि असेंच होतें. पिसूच्या लाळेस ज्याचें शरीर एकदां चिडूं लागलें, त्यास दोनचार दंशहि पुरतात. म्हणूनच, “आमच्या कुत्र्यावर पिसवा दिसत नाहींत,” हें उत्तर पुरेसें नव्हे.

तर मग करावें काय? प्रथम जागा पहावी. कंबर व शेपटीचें मूळ कुरतडत असेल तर संशय पिसवांचा. कानांच्या कडा, कोंपरें व मागल्या पायांचे घोटे यांवर खपल्या धरून खाज अनावर असेल तर लूत. ती घरच्या माणसांसहि थोडे दिवस खाजविते. पिलांच्या तोंडावर व पायांवर केंसांचे गोल चट्टे गेले असून खाज फारशी नसेल, तर केंसांच्या मुळांत रहाणारा दुसराच सूक्ष्म जीव असतो; तो जन्मल्यावर पहिल्या कांहीं दिवसांत आईच्या अंगावरून येतो. पंजे, पोट व कान यांची खाज पुनःपुन्हा उठत असेल तर धूळ, परागकण किंवा अन्न यांपैकीं एखादें सोसत नसेल. याशिवाय चावलेल्या जागीं जंतु शिरून खाज वाढते, ती निराळीच. सांधा दुखत असला तरी कुत्रा तेथेंच चाटतो. एकटेपणा व कंटाळा हींहि कारणें आहेत, पण तीं सर्वांत शेवटीं धरावीं. कारण तीं धरलीं कीं दोष कुत्र्याच्या स्वभावावर जातो आणि आपलें पहाणें थांबतें.

पिसवांविषयीं एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी. अंगावर दिसतात त्या थोड्या; अंडीं, अळ्या व कोश अंथरुणांत, सतरंजींत आणि फरशीच्या फटींत असतात. म्हणून अंथरूण कढत पाण्यानें धुवावें, केर कानाकोंपऱ्यांतून काढावा, आणि घरांतील सर्व कुत्र्यामांजरांस एकदमच, निदान तीन महिने, औषध द्यावें. कोशांतून नव्या पिसवा निघतच असतात. रॉकेल, फिनेल अथवा आपलीं मलमें लावूं नयेत. कुत्रा तीं चाटतो. कुत्र्यासाठीं असलेलें परमेथ्रिनचें औषध मांजरास मारक ठरतें.

औषधें आज उत्तम आहेत. जपानच्या मातींतील एका जंतूपासून ओमुरा व कॅम्पबेल यांच्या संशोधनानें आयव्हरमेक्टिन निघालें, १९८१ पासून तें जनावरांसाठीं विकलें जाऊं लागलें, आणि २०१५ मध्यें त्या दोघांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. परंतु कॉली व तत्सम जातींच्या कित्येक कुत्र्यांत एक आनुवंशिक दोष असतो, तो २००१ मध्यें उघड झाला. त्यांस तें औषध मेंदूपर्यंत पोंचून घातक होतें. म्हणून गुरांसाठीं आणलेलें औषध अंदाजानें कुत्र्यास पाजणें हा अविचार होय. पिसवा, गोचीड व लूत यांवर पोटांत घेण्याच्या नव्या गोळ्या २०१४ च्या सुमारास आल्या. त्याहि, विशेषतः झटके येणाऱ्या कुत्र्यास, पशुवैद्यांच्या सांगण्यावांचून देऊं नयेत. जखम भरेपर्यंत गळ्यांत नरसाळ्याच्या आकाराचा पट्टा घालणें हा मात्र निर्धोक उपाय आहे. त्यानें खाज जात नाहीं, दांत तेवढे आवरतात.

मोती दोन महिन्यांत बरा झाला. शेपटीजवळचे केंस पुन्हा आले आहेत. काठी अंगणांतून काढून माळ्यावर टाकली आहे. तरी आम्ही हात उंच केला कीं तो अजून मागें सरतो. यंदा पावसाळा सुरू झाल्यापासून दर रविवारीं आम्ही बारीक दातांची फणी घेऊन त्याच्याजवळ जमिनीवर बसतों. मावशी येतां जातां थांबतात, आम्हीं तपासलेली जागा पुन्हा एकदां बोटांनीं उलगडून पहातात. आणि आमच्या हातून कांहीं सुटलें असलें तर तें त्यांस बहुधा सांपडतें.