पांढरी, काव आणि नीळ : मलकापूरच्या भिंतींवरचे रंग

मलकापुरात नवे घर बांधणारे कुटुंब आज दिवाणखान्यातील एका भिंतीपुरता वेगळा रंग निवडण्यास बसते, तेव्हा समोर शेकडो छटांचे शेडकार्ड असते. रेल्वे येण्यापूर्वीच्या वऱ्हाडात हा निर्णय बराचसा जमिनीनेच घेतलेला असे.

मलकापूर पयनघाटात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात येते. इथली काळी माती कपाशीला मानवते, घराला नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे भिंतींना आणि धाब्याला पांढरी मातीच हवी. जुन्या मराठी कागदपत्रांत शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. गावाची ही विभागणीच मातीच्या रंगावर उभी आहे.

या भिंती रंगवी कोण? बारा बलुतेदारांत सुतार, लोहार, कुंभार आहेत. घर रंगवणारा नाही. रंगारी असे तो कापडाचा. भिंत सारवणे, पोतेरे फिरवणे, सणापूर्वी पांढरा हात देणे ही घरच्या बायकांची कामे. म्हणूनच या कलेला ना वतन मिळाले, ना दप्तरात नोंद.

वेगळ्या रंगाची भिंत तेव्हाही होती, मात्र ती आडवी होती. भिंतीचा वरचा भाग पांढरा आणि खाली कावेचा तांबडा पट्टा. बाहेरच्या बाजूस पावसाचे शिंतोडे त्या पट्ट्यात लपत. ओसरीवर टेकून बसणाऱ्याच्या पाठीला चुना लागत नसे. शोभा आणि सोय यांत तेव्हा फारसे अंतर नव्हते.

छटा मोजक्याच का, याचे उत्तर चुन्यात आहे. भिंतीवरचा ओला चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. पण तो तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यात बहुतेक वनस्पतिजन्य रंग टिकत नाहीत. टिकतात ते खनिज रंग : तांबडी काव, पिवळी पिवडी, काळ्यासाठी काजळी. निळ्याची जागा रिकामीच राहते.

ही रिकामी जागा किती जुनी आहे, हे पाहण्यासाठी राजूर घाट चढून, बुलढाणा ओलांडून अजिंठ्याला जावे. तिथल्या चित्रकारांकडेही काव, पिवडी, काजळी, चुना आणि बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारी हिरवी माती होती. ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांतील सर्वांत जुन्या चित्रांत निळा नाही. तो येतो पाचव्या शतकात, वाकाटककाळी, आणि येतो आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून. तो राजावर्त दगड कुटून केलेला निळा चित्रकारांनी हात राखून वापरला.

सामान्य घरापर्यंत निळा पोहोचण्यास आणखी तेराशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. फ्रान्समध्ये कृत्रिम राजावर्ती निळ्यासाठी सहा हजार फ्रँकांचे बक्षीस लागले होते; १८२८ साली ते झाँ-बाप्तिस्त गिमे याला मिळाले. केओलिन माती, सोडा, गंधक आणि कोळसा भाजून त्याने तो रंग साधला. आणि हा रंग चुन्यात टिकतो!

मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूरवरून पुढे १८६७ साली नागपूरला पोहोचला. इथला कापूस मुंबईकडे जाऊ लागला, तिकडचा विलायती माल इकडे येऊ लागला. पुढे ही नवी नीळ धुतलेल्या कपड्यांसाठी घरोघर आली, आणि तिच्यातली चिमूटभर चुन्यातही पडू लागली. चिमूट राखली तर चुन्याचा पिवळटपणा जाई. मूठ पडली तर भिंत आकाशी होई. दुसऱ्या प्रकारची घरे जुन्या पेठांत अजून दिसतात.

त्यानंतरची कथा डब्यांची आहे. १९४२ साली, युद्धामुळे आयात रोडावली असताना, मुंबईत चार मित्रांनी ‘एशियन पेंट्स’ सुरू केली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी कुंचला घेतलेला ‘गट्टू’ रेखाटला. डिस्टेंपर आला, शेडकार्ड आले, आणि भिंतीचा रंग बायकांच्या हातून रोजंदारीवरच्या रंगाऱ्याकडे गेला. घरकामातला एक भार हलका झाला, हे खरेच. पण त्याबरोबर घरातल्या एका निर्णयावरचा त्यांचा हातही सैल झाला.

एखादे जुने घर पाडण्यापूर्वी भिंतीचा कोपरा हलकेच खरवडावा. वर डिस्टेंपर, त्याखाली आकाशी, मग पांढरा चुना, कुठे कावेची कड आणि तळाशी माती. नोंद न झालेल्या हातांचे दप्तर एवढेच. पूर्वी अशा भिंती पडत, त्यांची माती तिथेच राही आणि गावाची पांढरी वाढत जाई. दख्खनमधील जुन्या वसाहती पुरातत्त्वज्ञ अशाच पांढरीच्या टेकाडांवर शोधतात. आता तो मलबा ट्रॅक्टरमध्ये भरून गावाबाहेरच्या खड्ड्यात जातो.