वर्दी आणि पितृत्व : ‘शक्ती’ व ‘अर्धसत्य’

नवव्या दशकातील हिंदी चित्रपटाची ‘व्यावसायिक’ व ‘समांतर’ ही विभागणी रूढ असली, तरी नाट्यरचनेतील मूलभूत भेद तीमुळे स्पष्ट होत नाही. रमेश सिप्पींचा ‘शक्ती’ (१९८२) आणि गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (१९८३) या दोहोंच्या गाभ्याशी पोलीस पिता आणि त्याचा पुत्र आहेत. सलीम-जावेद यांच्या पटकथेत पित्याची कर्तव्यनिष्ठा आणि पुत्राची प्रेमाची मागणी समोरासमोर उभ्या ठाकतात. दिलीपकुमार व अमिताभ बच्चन यांच्या संवादांतून संघर्ष उघड बोलला जातो. पित्याच्या गोळीने पुत्र मरतो, परंतु कायद्याची नैतिकता अबाधित राहते. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर आधारलेल्या तेंडुलकरांच्या पटकथेत मात्र संघर्ष एकाच व्यक्तीच्या ठायी आहे. पत्नीला मारणाऱ्या पित्याची हिंसा पुत्र वेलणकराच्या वर्दीत उतरते. तिच्यापुढे संवाद अपुरे पडतात. आत्मभान जागते ते दिलीप चित्रे यांच्या कवितेच्या वाचनातून. रामा शेट्टीचा गळा आवळून तो स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन करतो, तेव्हा कायदा आणि गुन्हा यांतील सीमारेषाच पुसली जाते. ‘शक्ती’ शोकांतिकेपाशी पूर्ण होतो. ‘अर्धसत्य’ प्रेक्षकाला ते समाधानही नाकारतो.