सुई-सिरिंज अदलाबदल कार्यक्रम : कायद्याचे संरक्षण कोठपर्यंत?

लखनौ : नशेसाठी शिरेत अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांना निर्जंतुक सुया व सिरिंज विनामूल्य देणे आणि वापरलेल्या परत घेणे, या उपक्रमास सुई-सिरिंज अदलाबदल कार्यक्रम म्हणतात. एकच सुई अनेकांनी वापरल्याने होणारा एचआयव्ही तसेच हिपॅटायटिस बी व सी यांचा प्रसार रोखणे, हा त्याचा हेतू. औषधांच्या दुकानात सहज मिळणारी ही वस्तू व्यसनाधीन व्यक्तीच्या हाती जाणीवपूर्वक दिल्यास ते गुन्ह्यास साहाय्य ठरते काय, याचे स्पष्ट उत्तर भारतीय कायद्यात बरीच वर्षे नव्हते.

अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस) याच्या कलम २७ नुसार अमली पदार्थाचे सेवन हाच गुन्हा असून हेरॉइन, मॉर्फिन वा कोकेनसाठी एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. कलम २९ अपप्रेरणा व कट यांस शिक्षा सांगते. सुई देणारा कार्यकर्ता या कलमाच्या कक्षेत ओढला जाण्याची भीती त्यामुळे कायम राहिली. तरीही मणिपूरने १९९६ च्या राज्य एड्स धोरणात हा मार्ग स्वीकारला. देशपातळीवर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नॅको) २००७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्यात त्यास कार्यक्रमाचा भाग केले. राज्य एड्स नियंत्रण सोसायट्यांच्या अर्थसाहाय्याने स्वयंसेवी संस्था हे काम करतात.

ही भीती काल्पनिक नव्हती, हे लखनौनेच दाखवून दिले होते. जुलै २००१ मध्ये येथील पोलिसांनी भरोसा ट्रस्ट व नाझ फाउंडेशन इंटरनॅशनल या संस्थांच्या कार्यालयांवर छापे घालून चार कार्यकर्त्यांना अटक केली. समलिंगी पुरुषांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या या संस्थांवर भारतीय दंड संहितेचे कलम ३७७, अश्लील साहित्य बाळगणे आणि कट रचणे असे आरोप ठेवण्यात आले. जामीन मिळेपर्यंत कार्यकर्त्यांना ४७ दिवस तुरुंगात काढावे लागले. प्रकरण सुयांचे नव्हते. पण पेच तोच होता. शासनाचे एक अंग ज्या प्रतिबंधक कार्यास उत्तेजन देते, त्यासाठीच दुसरे अंग अटक करू शकते.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ च्या कलम २२ ने हा पेच बऱ्याच अंशी सोडवला. एचआयव्हीचा धोका कमी करणाऱ्या उपाययोजना अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी गुन्हा ठरणार नाहीत, असे ते सांगते. कलमासोबतच्या दृष्टांतांत निरोधवाटप, व्यसनमुक्तीसाठीची ओपिऑइड पर्यायी उपचारपद्धती आणि जुन्या सुईच्या बदल्यात नवी देणे यांचा थेट उल्लेख आहे. देणारा व घेणारा, दोघेही दायित्वातून मुक्त. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. त्याच्या चारच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून वगळले होते.

संरक्षणास मर्यादा आहेत. दृष्टांतात ‘नोंदणीकृत’ कार्यक्रमाचा उल्लेख असल्याने मित्राने मित्रास दिलेली सुई त्यात बसते काय, हे संदिग्ध राहते. संरक्षण मिळते ते अदलाबदलीस. सेवन कलम २७ खाली गुन्हाच आहे. केंद्रातून नवी सुई घेऊन बाहेर पडलेली व्यक्ती थोड्या अंतरावर हेरॉइनसह सापडल्यास तिला अटक होऊ शकते. केंद्राभोवती पोलिसांची ये-जा वाढली की लोक येणे थांबवतात आणि वापरलेल्या सुया परत येण्याऐवजी रस्त्यावर पडतात. केवळ कायद्याचा मजकूर बदलून हे टळत नाही. स्थानिक पोलीस ठाण्याशी समन्वय त्यासाठी अधिक उपयोगी पडतो.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक इंजेक्शनद्वारे नशा करतात. अधिक संख्येच्या राज्यांत उत्तर प्रदेश अग्रस्थानी असून महाराष्ट्राचाही त्यात समावेश आहे. नॅकोच्या २०१७ च्या पाहणीत या गटातील एचआयव्हीचे प्रमाण सहा टक्क्यांहून अधिक, तर सर्वसाधारण प्रौढांत ०.२२ टक्के होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लखनौ जिल्हा कारागृहातील ६३ बंदी एचआयव्हीबाधित असल्याचे वृत्त आले. बहुतेकांना तुरुंगात येण्यापूर्वी नशेच्या दूषित सिरिंजमधून लागण झाली, असे कारागृह प्रशासनाचे म्हणणे होते. २०१७ च्या कायद्याचे कलम ३१ शासनाच्या ताब्यातील प्रत्येकास, कच्च्या कैद्यांसह, एचआयव्ही प्रतिबंध, समुपदेशन, चाचणी व उपचारांचा हक्क देते; मात्र तो मार्गदर्शक सूचनांच्या अधीन आहे. कारागृहांत चाचणी व औषधोपचार, तर काही ठिकाणी पर्यायी उपचारही मिळतात. सुयांची अदलाबदल मात्र भारतातील कोणत्याही कारागृहात होत नाही.