देह नसलेली गायिका
हात्सुने मिकू या जपानी गायिकेला देह नाही. साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी बाजारात आणलेले ते एक सॉफ्टवेअर. यामाहाच्या व्होकलॉइड तंत्रावर बेतलेल्या मूळ आवृत्तीत फुजिता साकी या अभिनेत्रीचा आवाज ध्वनिमुद्रित करून वापरला होता. चाल व शब्द भरले की मिकू गाते. चित्रासोबत वय १६, उंची १५८ सेंटिमीटर असा त्रोटक तपशील कंपनीने दिला. बाकीचे व्यक्तिमत्त्व चाहत्यांनीच घडवले.

निकोनिको या व्हिडिओ संकेतस्थळावर हौशी संगीतकार टोपणनावांनी तिची गाणी ठेवू लागले. कोणी त्यांवर चित्रे काढी, कोणी ॲनिमेशन करी. स्वामित्वहक्काचा बडगा उगारण्याऐवजी कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये अशा निर्मितीसाठी ‘पियाप्रो’ हे संकेतस्थळ उघडले. अमेरिकी ध्वनिमुद्रिका कंपन्या तेव्हा श्रोत्यांनाच न्यायालयात खेचत होत्या, हे ध्यानात घेता ही दृष्टी विरळाच.

मात्र नाव झाले ते मिकूचे. रचनाकार बहुधा पडद्याआडच राहिला. ‘हाची’ या टोपणनावाने तिच्यासाठी गाणी रचणारे केन्शी योनेझू २०१२ मध्ये ‘डायोरामा’ हा अल्बम घेऊन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात पुढे आले आणि आघाडीचे गायक ठरले. मिकूच्या दशकपूर्तीनिमित्त २०१७ मध्ये त्यांनी पुन्हा तिच्यासाठी गाणे रचले, तेव्हा नाव मात्र ‘हाची’ हेच लावले.